सासू असली तरी पाहुणीच

घर भाड्याने कसं द्यावं हे वाल्मीकराव देवऱ्यांना शिकवील, असा माणूस नाशिकमध्ये अजून जन्माला यायचा होता. हे अर्थात वाल्मीकरावांचंच मत. पण ते हे मत इतक्या वेळा आणि इतक्या मोठ्याने सांगत, की पाथर्डी फाट्याजवळच्या त्या गल्लीत दुसरं मत मांडायला कुणाला जागाच उरली नव्हती. वरचा मजला बांधल्यापासून तिथे किती भाडेकरू आले आणि किती गेले, हे मोजणं शेजाऱ्यांनी कधीच सोडून दिलं होतं. सामान घेऊन येणारा टेम्पोवाला तर उतरवतानाच विचारायचा, "परत न्यायला कधी येऊ?"

वाल्मीकराव मूळचे कळवणकडचे. नोकरी पाटबंधारे खात्यात केली, कालवा निरीक्षक म्हणून. कुणाच्या शेताला पाणी कधी सोडायचं आणि कुणाचं कधी बंद करायचं, हे ठरवण्यात उभी हयात गेली. निवृत्त झाल्यावर कालवा सुटला, पण हात थोडाच सुटतो? मग त्यांनी घरातच, कालव्यासारखं पाळीपाळीने, पाण्याचं आवर्तन सुरू केलं. भाडेकरूंची टाकी वेगळी केली आणि ती भरायचा वॉल्व्ह खाली स्वतःच्या खिडकीखाली बसवून घेतला. सकाळी तासभर पाणी, संध्याकाळी अर्धा तास. तेही भाडेकरू नीट वागला तर. नाही वागला, तर वॉल्व्ह बंद आणि वाल्मीकराव अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेले. वरून बादल्या आपटल्याचा आवाज आला की त्यांना पेपरातली बातमी जास्त चांगली समजायची.

माणूस पारखायचीही त्यांची एक पद्धत होती. पगार, नोकरी, आडनाव हे सगळेच घरमालक विचारतात. वाल्मीकराव त्याच्या पुढे जात. "घरी कोण कोण असतं? आणि येणंजाणं किती?" या एका प्रश्नावर त्यांनी चांगली चांगली माणसं दारातून परत पाठवली होती. ज्याला चार मावश्या, सहा चुलते, त्याला जागा नाही. कारण माणूस एकटा येतो, पण पाणी सगळं गोत वापरतं.

सध्याच्या भाडेकरूंना त्यांनी याच प्रश्नावर पसंत केलं होतं. नवनाथ अंबडच्या कंपनीत कामाला, त्याची बायको अंजली शाळेत इंग्रजी शिकवायची.

"सासरी कोण कोण?" वाल्मीकरावांनी तेव्हा विचारलं होतं.

"फक्त सासूबाई. हरसूलला असतात. शेत सोडून कुठे जात नाहीत."

"आणि माहेरी?"

"एक भाऊ. तो दुबईला असतो."

वाल्मीकराव इतके खूश झाले होते, की त्यांनी त्या दोघांना चहा पाजला. त्यांच्या घरमालकीच्या कारकिर्दीत असं आधी कधी घडलं नव्हतं.

तर अशा या माणसाच्या मुलीवर परक्या देशात भाड्याचं घर शोधायची पाळी आली.

निकिता पवनचक्क्या बनवणाऱ्या कंपनीत होती. कंपनीने तिला डेन्मार्कला पाठवलं, तेही कुठल्या मोठ्या शहरात नाही, तर समुद्राकाठच्या व्हेस्टरबी नावाच्या एवढ्याशा गावात. कंपनीची खोली महिनाअखेर सोडायची होती आणि गावात भाड्याने द्यायचं घर एकच होतं. इंगर नावाच्या एका म्हाताऱ्या बाईचा वरचा मजला. तो मिळाला नाही, तर निकिताला लांबच्या शहरातून आगगाडीने रोज ये-जा करावी लागणार होती. आणि मुख्य म्हणजे, मग आईवडिलांना नेऊन ठेवायला जागाच नव्हती. घर जवळजवळ ठरलंय असं निकिता म्हणाली, त्याच दिवशी वाल्मीकरावांनी जून-जुलैची तिकिटं काढली होती, चांगली दीड महिन्यासाठी. गल्लीत एक घर नव्हतं जिथे त्यांनी ते सांगितलं नव्हतं. त्यांची बायको प्रतिभा कुणाला काही सांगत नव्हती. ती नुसती कुरडया वाळवत होती. मुलीला जवळ घेऊन तिला दीड वर्ष झालं होतं.

आणि अशात निकिताचा फोन आला. "पप्पा, इंगरला एकदा तुमच्याशी आणि मम्मीशी व्हिडिओवर बोलायचंय. मी कुठल्या घरातली आहे ते बघायचंय म्हणते. मी त्या वेळी कामावर असेन. तुम्ही नमस्कार करा, हसा, आणि फोन मम्मीकडे द्या."

वाल्मीकरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "म्हणजे ती माझी चौकशी करणार? आम्ही कोण, कुठले, हे ती ठरवणार?"

"तुम्ही नाही का लोकांना विचारत?" प्रतिभा म्हणाली.

"मी विचारतो कारण घर माझं आहे."

"मग तिचं घर काय शेजाऱ्यांचं आहे?"

वाल्मीकराव आणखीच चिडले. चिडलेला माणूस राग काढायला जागा शोधतो, आणि वाल्मीकरावांची जागा जिना चढून वर होती. कारण हरसूलचं शेत सोडून कुठेही न जाणाऱ्या त्या सासूबाई गेल्या आठवड्यापासून वर येऊन राहिल्या होत्या.

फोन यायच्या दिवशी सकाळीच त्यांनी अंजलीला जिन्यात गाठलं.

"पाहुणे तीन दिवस. ठरलं होतं की नाही?"

"काका, त्या पाहुण्या नाहीत. नवनाथच्या आई आहेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी परत दाखवायला बोलावलंय."

"आई असो नाहीतर सासू असो. करारात जिचं नाव नाही ती पाहुणी. सासू असली तरी पाहुणीच."

दाराआड काळा चष्मा लावून नवनाथच्या आई, कुसाबाई, उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "मालक, मी लय पाणी नाय वापरत. तोंड धुवाया तांब्याभर घेते तेवढंच."

"पाण्याचा प्रश्न नाही आजी, शिस्तीचा प्रश्न आहे," वाल्मीकराव म्हणाले, आणि खाली जाऊन त्यांनी पाणी बंद केलं.

अंजलीचा चेहरा लाल झाला. शाळेत जाताना तिने फाटक असं लावलं, की कुंडी पडली.

संध्याकाळी ठरल्या वेळी फोन वाजला. प्रतिभाने नवी साडी नेसली होती. फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवला होता. पडद्यावर पांढऱ्या केसांची, निळा स्वेटर घातलेली एक बाई आली. मागे स्वच्छ ओटा होता आणि त्यावर एक जाडजूड मांजर झोपलेलं होतं.

"गुड आफ्टरनून," वाल्मीकराव म्हणाले. "आय ॲम रिटायर्ड कॅनॉल इन्स्पेक्टर. यू आर हाउस ओनर. आय ॲम ऑल्सो हाउस ओनर."

इथे त्यांच्याकडचा साठा संपला. बाई हसून बरंच काही बोलली. वाल्मीकराव "येस, येस" करत राहिले. मग बाई थांबली आणि वाट बघू लागली. म्हणजे तिने काहीतरी विचारलं होतं, आणि त्याचं उत्तर येस नव्हतं.

"अहो, ती काय म्हणतेय?" प्रतिभा कुजबुजली. "असं नुसतं बघत बसलात तर तिला वाटेल आपण येडे आहोत. घर जाईल पोरीचं."

गल्लीत धड इंग्रजी बोलणारं माणूस एकच होतं. वाल्मीकराव जिन्याखाली धावले.

"अंजली!"

वरून काही नाही.

"अंजलीताई, जरा खाली ये."

काही नाही.

वाल्मीकरावांनी दात ओठ खाल्ले आणि आयुष्यात पहिल्यांदा एका भाडेकरूला मानाने हाक मारली, "अंजली मॅडम."

अंजली जिन्याच्या वरच्या पायरीवर आली. हातात रिकामी बादली होती.

"परदेशातला फोन आहे. निकिताच्या घराचं आहे. जरा दोन शब्द सांग त्या बाईला."

"आधी पाणी."

"अगं, ती बाई तिकडे थांबलीय."

"थांबू दे ना. मी सकाळपासून थांबलेय."

वाल्मीकरावांनी वॉल्व्ह उघडला. नळाला पाणी आल्याचं कुसाबाईंनी वरून सांगितलं, तेव्हाच अंजली खाली उतरली. बादली तिने तशीच पायाशी ठेवली आणि डब्यासमोर बसली.

पुढचं सगळं झकास चाललं होतं. अंजलीने क्षमा मागितली, ओळख करून दिली, प्रतिभाने कुरडया दाखवल्या, बाईने मांजर दाखवलं. दोन्हीकडच्या बायका हसल्या. इथेच फोन ठेवला असता तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

पण इंगरने जाता जाता एक प्रश्न विचारला, आणि अंजलीने तो मराठीत सांगितला. "त्या म्हणतात, मला भाडेकरू ठेवायचा काही अनुभव नाही. मिस्टर गेले, आता पहिल्यांदाच वरचा मजला देतेय. चपला बाहेर काढायच्या, बर्फ पडला तर दारासमोरचा झाडायचा, आणि कुंपणाची झाडं कापायची, एवढंच मी सांगणार आहे. तुम्ही जुने घरमालक. अजून काय सांगून ठेवावं?"

त्या क्षणी वाल्मीकराव निकिताचे वडील उरलेच नाहीत. नुसते घरमालक उरले. इतक्या वर्षांत कुणी त्यांना सल्ला विचारला नव्हता, आणि आज साता समुद्रापलीकडची गोरी बाई विचारत होती. सकाळपासूनचा राग कुठल्या कुठे गेला. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"तिला सांग, नुसत्या चपला बाहेर काढून घर चालत नाही म्हणावं. फाटक रात्री दहाला बंद. कुणीही येवो. मिक्सर नऊनंतर नाही. भिंतीला खिळा नाही. पाणी सकाळी एक तास, संध्याकाळी अर्धा."

"अहो," प्रतिभाने त्यांच्या बाहीला हिसडा दिला. "भाडेकरू आपली निकिता आहे."

"तू गप्प बस. इथे दोन घरमालक बोलतायत."

अंजलीने त्यांच्याकडे पाहिलं. "काका, हे सगळं असंच सांगू?"

"शब्दन् शब्द सांग. काही गाळू नको. तुमच्या पिढीला आपलं चांगलं असलं तरी सांगायची लाज वाटते."

"शब्दन् शब्द?"

"शब्दन् शब्द."

अंजली सरसावून बसली आणि शब्दन् शब्द सांगायला लागली. तिकडे इंगरने चष्मा लावला, कागद घेतला, पेन घेतलं. ते बघून वाल्मीकरावांना चेव आला. मंगळवारी आणि शनिवारी मासे शिजवायचे नाहीत. फरशीवर काही कुटायचं नाही. कपडे पुढच्या बाजूला वाळत घालायचे नाहीत. जिन्यात उभं राहून फोनवर बोलायचं नाही. बाई लिहीत होती, मान डोलवत होती, आणि वाल्मीकराव कालव्याच्या भिंतीवर उभे राहून हुकूम सोडावेत तसे नियम सोडत होते.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं. पाहुणे तीन दिवस. चौथ्या दिवशी चालते व्हा."

अंजलीने ते सांगितलं. मग ती इंगरकडे न बघता वाल्मीकरावांकडे वळली. "आणि सासू असली तर? हे मी विचारतेय, त्या नाही."

"सकाळी सांगितलं ना. आईबाप असोत, सासू असो. तरी पाहुणेच."

"आजारी असली तर?"

"दवाखाने कशाला बांधलेत मग?"

अंजलीने पडद्याकडे तोंड केलं आणि तेही सांगितलं, शांतपणे, एकेक शब्द सुटा करून, शाळेत शुद्धलेखन घालतात तसं. इंगरचं पेन मध्येच थांबलं. तिने काहीतरी विचारलं, अंजली म्हणाली, "येस, पेरेंट्स ऑल्सो," आणि मग बाईने तेही लिहून घेतलं.

फोन बंद झाल्यावर अंजलीने बादली उचलली. "काका, एकही शब्द गाळला नाही हं," असं म्हणून ती वर गेली.

वाल्मीकराव अंगणात आले. समोरच्या घरातल्या माणसाला उगाचच हाक मारून म्हणाले, "डेन्मार्कला जरा मार्गदर्शन केलं आज."

दुसऱ्या दिवशी दुपारी निकिताचा मेसेज आला, घर मिळालं. वाल्मीकरावांनी पेढे आणले आणि गल्लीत वाटले. "मी बोललो ना तिच्याशी," असं प्रत्येक पेढ्याबरोबर सांगितलं. वर मात्र पेढा पाठवला नाही, कारण सासूबाई अजून होत्या.

संध्याकाळी निकिताचा फोन आला. आवाज असा होता, की प्रतिभाने लगेच फोन स्पीकरवर टाकून नवऱ्याच्या हातात दिला.

"पप्पा, तुम्ही काय बोललात तिच्याशी?"

"का? घर मिळालं ना?"

"घर मिळालं. करार पण मिळाला. आंघोळ सकाळी एका तासाच्या आत उरकायची. इथे चोवीस तास गरम पाणी येतं, पप्पा. मी विचारलं असं का, तर म्हणाली, तुझ्या वडिलांकडे असंच आहे आणि ते तर पाण्याच्या खात्यात अधिकारी होते. मंगळवारी आणि शनिवारी मासे करायचे नाहीत. हे मच्छीमारांचं गाव आहे! तिला कारणही माहीत नाही. म्हणते, एवढा अनुभवी माणूस सांगतोय म्हणजे काहीतरी असेलच."

"मग चांगलंच आहे की. थोडी शिस्त लागेल," वाल्मीकराव म्हणाले, पण आवाज जरा बसला होता.

"आणि पाहुणे तीन दिवस."

"असू दे गं. तिथे कोण येणारंय तुझ्याकडे?"

"तुम्ही येणार आहात."

वाल्मीकरावांना ते कळायला थोडा वेळ लागला. प्रतिभाला लागला नाही. ती भिंतीला टेकून खाली बसली.

"आम्ही काय पाहुणे आहोत?" वाल्मीकराव ओरडले. "आम्ही तुझे आईबाप आहोत!"

"तेही लिहिलंय तिने. आईबाप असले तरी पाहुणेच, आजारी असले तर दवाखाना आहे. खाली तुमचं नाव पण घातलंय. शुक्रवारपर्यंत सही कर म्हणाली, नाहीतर ती दुसरं कुणी बघेल. आता तुम्हीच निस्तरा, पप्पा." आणि फोन बंद.

मग वाल्मीकरावांचा जो भडका उडाला, तो अख्ख्या गल्लीने ऐकला. "ही काय बाई म्हणायची? हिला काळीज आहे का? पोटच्या पोरीकडे आईबापानं तीन दिवस राहायचं? सख्खी आई पाहुणी होते का कधी? पैसा आला, पवनचक्क्या आल्या, पण माणुसकी म्हणून काही नाही यांच्यात. घर काय डोक्यावर घेऊन जाणारे का वर जाताना?"

"जरा हळू," प्रतिभा म्हणाली. "वर ऐकू जातंय."

वाल्मीकराव थांबले. वर अगदी शांत होतं. कुणीतरी जिन्याच्या कठड्याशी उभं राहून ऐकत असावं, अशी शांतता.

प्रतिभा उठली. तिचा आवाज मोठा नव्हता, तरी वाल्मीकराव मागे सरकले. "तुमचं सगळं मी आजवर ऐकून घेतलं. बादल्या भरून चोरून वर दिल्या, भाडेकरणींची बोलणी खाल्ली. पण माझी पोरगी आणि माझ्यामधे तुमचा तो वॉल्व्ह आणलात, आता मी ऐकणार नाही. वर जा."

"वर कशाला?"

"जिच्या तोंडून सांगितलंत, तिच्याच हातून खोडून घ्या."

वाल्मीकराव वर गेले. चपला बाहेर काढल्या. अंजली वह्या तपासत होती, नवनाथ दुसऱ्या पाळीला गेला होता, कुसाबाई काळा चष्मा लावून भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"त्या बाईला एक मेल लिहायची होती," वाल्मीकराव छताकडे बघत म्हणाले.

"काय लिहू?"

"लिही, की आमच्याकडे पाहुणे कितीही दिवस राहतात. आमची काही हरकत नसते."

"हे खोटं आहे, काका."

"आजपासून खरं आहे."

"तुमचं आजपासून किती दिवस टिकतं?"

वाल्मीकरावांची कानशिलं तापली. एका भाडेकरणीने आपल्याच घरात आपल्याला असं विचारावं! पण खाली प्रतिभा होती आणि फळीवर कुरडयांचा डबा होता. ते गुमान जिना उतरले, वॉल्व्ह उघडला, त्याचा दांडा काढून आणला आणि अंजलीच्या वह्यांवर ठेवला.

"हे घे. ठेव तुझ्याकडे. आता लिही."

अंजलीने लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं आणि तिने ते खाली अंगणात येऊन वाचून दाखवलं.

इंगरने लिहिलं होतं, की ही मेल वाचून मला फार बरं वाटलं. ते नियम लिहून घेतले खरे, पण रात्री झोप लागली नाही. आंघोळीचा, माशांचा आणि मिक्सरचा नियम मी खोडते. पण पाहुण्यांबद्दल तुम्ही एका दिवसात अगदी उलट सांगितलंत. यातलं खरं कुठलं, हे मला कळत नाही. म्हणून आपण सोपं करू. तुम्ही माझ्याकडे आलात, की तुमच्या वरच्या मजल्यावर पाहुणा जितके दिवस राहील, तितके दिवस तुम्हीही इथे राहा. मी अधूनमधून फोन करून पाहुण्याला नमस्कार करीन. पाहुणा गेला, की तुम्हीही निघा. मला वाटतं हे दोन्ही घरांना न्याय देणारं आहे.

"बाई सरळ आहे हो," प्रतिभा म्हणाली.

"सरळ कसली? मला, वाल्मीक देवरेला, अटी घालतेय," वाल्मीकराव करवादले. पण मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. पाहुणी तर वर होतीच. आयती. आठवडाभर मुक्काम ठोकून बसलेली. जूनमध्येही असेल, जाते कुठे? वाल्मीकराव खुशीत जिना चढले.

कुसाबाई पिशवीचं तोंड बांधत होत्या.

"हे काय? कुठे निघालात?"

"घरी. डाक्टर म्हनला डोळा बेस हाय. शनवारची गाडी हाय हरसूलची."

"अशा कशा जाता?" वाल्मीकरावांचा आवाज चढला. "ऑपरेशन झालंय तुमचं. चार दिवस राहिलात काय, निघालात काय. ही काय पद्धत झाली? बरं, आता जा, पण जूनमध्ये या. दीड महिना राहा. सुनेचं घर आहे, परकं आहे का काही?"

कुसाबाईंनी काळा चष्मा वर केला आणि नव्या डोळ्याने त्यांना नीट पाहून घेतलं.

"जूनमधी? मालक, जूनमधी भाताची रोपं टाकायची आसतात. मंग त्यांची आवणी, चिखलात लावनी. मी हितं बसले, तं शेतात तुम्ही उतराल?"

"माणसं लावा की."

"मानसं कुठं मिळतात त्या टायमाला? सगळ्यांचीच आवणी." त्यांनी गाठ आवळली. "पर तुम्ही एवढं मनावर घेतलंय, तं येईन. पेरा झाल्यावर येईन. तीन दिस राहीन."

"तीनच?"

"त्याच्यावर पाहुणीनं राहू नाय. बरं दिसत नाय ते."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच वाल्मीकरावांना ते जास्त लागलं. पाहुणे जात नाहीत म्हणून ते आजवर किती वेळा तडतडले असतील, पण पाहुणी जाते म्हणून जिवाची अशी आग आग होण्याची ही पहिलीच वेळ होती. ते पाय आपटत खाली आले.

"काय म्हणाल्या?" प्रतिभाने विचारलं.

"तीन दिवस."

प्रतिभाने कुरडयांचा डबा उघडला, आत पाहिलं आणि झाकण परत लावलं. "मग उरलेल्या दिवसांना दुसरे पाहुणे बघा. एक गेला की दुसरा. पाण्याचं आवर्तन लावत होतात ना? आता पाहुण्यांचं लावा."

खरं तर बायको चिडून बोलली होती. पण वाल्मीकरावांना ते पटलं. अवघड काय होतं त्यात? माणसाला गोत असतंच. एखादी मावशी, दोन चुलते, नणंद, तिची पोरं. प्रत्येकी तीन दिवस धरले, तरी दीड महिना सहज निघतो. त्यांनी उरलेले पेढे बशीत काढले आणि तिसऱ्यांदा जिना चढले.

दार उघडंच होतं. न्हाणीघरात नळ धो धो वाहत होता आणि कुणीही तो बंद करत नव्हतं. वाल्मीकरावांनी तिकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. बशी वह्यांशेजारी ठेवली. घसा खाकरला.

"मॅडम," ते म्हणाले, "तुमच्या माहेरी कोण कोण असतं? आणि येणंजाणं किती?"

अंजलीने लाल पेन खाली ठेवलं.

"एक भाऊ आहे काका. तो दुबईला असतो. म्हणून तर तुम्ही आम्हाला जागा दिलीत."